चैत्रात वाहणारी नाली

होळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले ओढे कोरडे पडतात. विहिरींचे तळ दिसायला लागतात आणि पारावर एकच चौकशी असते, कालव्याचं आवर्तन कधी सुटणार? परतीचा पाऊस जाऊन पाच-सहा महिने झालेले असतात. अशा भर चैत्रात गावातल्या नाल्या मात्र वाहत असतात. थेंबाथेंबाला महाग झालेल्या गावात हे पाणी येतं कुठून, असं कोणी विचारत नाही. उत्तर प्रत्येकाच्या घरामागेच असतं.

तालुक्यातल्या तलवाड्यात काय, आसपासच्या कुठल्याही गावात काय, एखादी गल्ली सकाळी आठच्या सुमारास पाहावी. सिमेंटची नाली हातभर रुंद. पहिल्या घरातून न्हाणीचं पाणी येतं, साबणाचा पांढरा फेस घेऊन. पुढच्या घराच्या ओट्याखालून भांडी घासल्याचं येतं, त्यात भाताची शितं आणि तेलाचा तवंग. मग गोठ्यातलं, शेणानं हिरवट झालेलं. पुढे एक पीव्हीसीचा पाईप जमिनीतून निघून थेट नालीत उघडलेला असतो. त्याच्या तोंडाशी पाणी काळं असतं आणि वासही निराळा. तो संडासाच्या टाकीचा पाईप. त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही, असा गल्लीचा अलिखित करार असतो. कारण पुढच्या चार घरांचेही तसेच पाईप आहेत. नाली वेशीबाहेर जाते, ओढ्यात उतरते आणि ग्रामपंचायतीची हद्द संपते.

ही नाली कशासाठी बांधली जाते? रस्त्यावर पाणी साचू नये, पावसाचं पाणी घरात शिरू नये, म्हणून. शहरात तिला पावसाळी गटार म्हणतात आणि मैल्याच्या गटाराचं जाळं तिथे निराळं असतं, निदान असायला हवं. मैल्याच्या गटाराच्या शेवटी शुद्धीकरण केंद्र असतं. पावसाळी गटाराच्या शेवटी काहीच नसतं. असते ती फक्त नदी. त्यामुळे पावसाळी गटारात पावसाखेरीज दुसरं कुठलं पाणी सोडलेलं चालेल, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी शेवटी नदीत काय जाईल याचाच निकाल लावतो.

तलवाडा हे काही शहर नाही. त्वरितादेवीचं गाव, पोलीस ठाण्याचं गाव अशी त्याची बीड जिल्ह्यातली ओळख. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. इथे पावसाळी गटार विभाग नाही, त्याचा अभियंता नाही. तरीही हा प्रश्न इथूनच पाहणं बरं. कारण गेवराई तालुका गोदावरीच्या खालच्या अंगाला आहे. वरच्या शहरांनी गटारात जे सोडलं, त्याची गाठ इथल्या माणसाशी पडते आणि इथल्या नालीतलं पुढच्या गावाला जातं.

या प्रश्नावर सर्वांत बारकाईनं खल केला तो अमेरिकेनं. तिथे १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. सुरुवातीला त्याचा रोख कारखाने आणि मैलाशुद्धीकरण केंद्रांवर होता. काही वर्षांनी लक्षात आलं की कारखान्यांच्या तोंडाला बूच बसलं तरी नद्या म्हणाव्या तशा सुधारत नाहीत. उरलेली घाण पावसाळी गटारांतून येत होती. १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १९९० मध्ये एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी नियम आले आणि १९९९ मध्ये ते लहान शहरांनाही लागू झाले. नियमाचा गाभा एका ओळीचा होता: पावसाळी गटारात पावसाखेरीज काहीही जाता कामा नये.

पण ओळ लिहिली आणि शंकांचा पूर आला. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारं पाणी बेकायदा ठरवायचं का? तळघरात झिरपणारं भूजल पंपानं बाहेर काढलं तर? बागेला पाणी घालताना थोडं रस्त्यावर वाहून गेलं तर दंड करायचा का? मग नियमातच एक यादी घालावी लागली. जलवाहिनी धुताना सोडलेलं पाणी, बागेचं आणि शेताचं ओघळलेलं पाणी, झरे, वळवलेले ओढे, वर चढणारं भूजल, इमारतीच्या पायातून निघणारं स्वच्छ पाणी, पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातून आलेलं पाणी, वातानुकूलन यंत्राचं पाणी, पाणथळ जागेतून येणारा प्रवाह, रस्ता धुतलेलं पाणी, घरच्या माणसानं घरची गाडी धुतल्याचं पाणी, क्लोरीन काढून टाकलेलं पोहण्याच्या तलावाचं पाणी. आग विझवतानाच्या पाण्यालाही मोकळीक आहे. ते अडवत बसायला वेळ कोणाला?

ही यादी नीट वाचली तर तिच्यातली मेख दिसते. हे परवाने कायमचे नाहीत. यांपैकी कुठल्याही पाण्यानं गटार घाण होतंय असं शहराला आढळलं, तर त्या पाण्याचा बंदोबस्त शहरानंच करायचा. शिवाय जवळजवळ प्रत्येक नोंदीला एखादं शेपूट आहे. पंपानं उपसलेलं भूजल चालेल, पण ते दूषित नसावं. तलावाचं पाणी चालेल, पण क्लोरीन काढून. गाडी धुतलेलं पाणी चालेल, पण घरच्या गाडीचं. वॉशिंग सेंटरचं नाही. पाणी कुठून आलं एवढ्यावर परवानगी मिळत नाही. वाटेत ते काय घेऊन आलं, हे पाहिलं जातं.

क्लोरीनचं उदाहरण आपल्याकडच्या माणसाला चकित करणारं आहे. भारतीय मानकाप्रमाणे जंतुनाशन केलेल्या पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती त्यासाठीच. अमेरिकी पर्यावरण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी थोड्या वेळाच्या संपर्काची जी मर्यादा घातली आहे, ती लिटरमागे ०.०१९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे जे पाणी आपण बिनघोर पितो, त्यात माशांना सोसेल त्याच्या दहापट क्लोरीन असतं. पाण्याची टाकी धुताना भरपूर पावडर टाकून ते पाणी सरळ ओढ्यात सोडणं हे स्वच्छतेचं काम समजलं जातं. ओढ्यातल्या डबक्यातल्या बेडकांना विचारलं तर ते वेगळं सांगतील. उपाय अगदी साधा आहे. ते पाणी एखाद-दोन दिवस उघड्यावर उन्हात राहू द्यावं, क्लोरीन बरंचसं उडून जातं. किंवा झाडांच्या आळ्यात सोडावं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. उलट महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता. राज्यानं जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं. केंद्राचा जल कायदा आला तो १९७४ मध्ये. महाराष्ट्रानं तो १९८१ मध्ये स्वीकारला. अमेरिकेसारखी चालणाऱ्या पाण्यांची यादी या कायद्यात नाही. त्यानं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली आणि व्याख्या इतक्या ऐसपैस केल्या की त्यातून फारसं काही सुटू नये.

या कायद्याचं दुसरं कलम मराठवाड्यातल्या प्रत्येक सरपंचानं एकदा वाचावं असं आहे. ‘प्रवाह’ म्हणजे काय, हे सांगताना त्यात नदी आहे, समुद्र आहे, भूगर्भातलं पाणी आहे आणि जलमार्गही आहे, मग तो वाहता असो की तूर्त कोरडा. तूर्त कोरडा! दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बीड जिल्हा होता की काय, असं वाटावं. आठ महिने कोरडा असलेला आपला ओढा कायद्याच्या नजरेत बारमाही नदीइतकाच प्रवाह आहे. ‘कोरड्या ओढ्यात सोडलं तर काय बिघडलं’ हा आपला पिढीजात युक्तिवाद या कायद्यानं केव्हाच निकालात काढलेला आहे. त्याच कलमात सांडपाण्याच्या व्याख्येत उघड्या गटारातलं मोरीचं पाणीसुद्धा धरलं आहे. चोविसावं कलम सांगतं की जाणूनबुजून कोणतीही विषारी, घातक किंवा प्रदूषण करणारी वस्तू प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाऊ देऊ नये. पंचविसावं कलम सांगतं की सांडपाण्याचं नवं तोंड काढायचं तर आधी मंडळाची संमती घ्यावी.

हे शब्दशः लावायचं ठरवलं तर राज्यातली बहुतेक प्रत्येक ग्रामपंचायत कायद्याच्या कचाट्यात सापडेल. नालीला उतार तिनं दिला, ओढ्यात तोंड तिनं उघडलं आणि पाईप जोडताना तिनंच डोळेझाक केली. अर्थात मंडळ गावोगाव फिरून नोटिसा बजावत नाही आणि ते बरंच आहे. ज्या ग्रामपंचायतीला पाणीपट्टी वसूल करताना नाकी नऊ येतात, तिला दंड लावून नदी स्वच्छ होणार नाही. पण कायदा लागू होत नाही आणि कायदा लागू करत नाहीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढा फरक तरी गावाला ठाऊक असावा.

शहरांच्या बाबतीत मात्र नोटिसांची वेळ आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा ५५ वर चढला. राष्ट्रीय हरित लवादानं शहरांना बजावलं की १ एप्रिल २०२० नंतर प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत नेणाऱ्या प्रत्येक नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये भरपाई द्यावी लागेल. नाल्याची अशी किंमत आपल्याकडे यापूर्वी कोणी केली नव्हती.

या आकड्यांमागची स्थिती गोदावरीच्या वरच्या अंगाला दिसते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली नदी नाशिक शहरातून जाते. तिथल्या गोदावरी प्रदूषणाची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. रामकुंडावर तीर्थ म्हणून ओंजळ भरणाऱ्या माणसाच्या वरच्या बाजूला कुठला नाला मिळतो, हा तिथला जुना वाद आहे. पुढे पैठणला नाथसागर. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये कोनशिला बसवली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, ते हे जायकवाडी धरण. त्याचा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. पारावर ज्या आवर्तनाची वाट पाहतात ते पाणी इथून सुटतं.

आणि याच नाथसागराला खाम नदी मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेच्या डोंगरांतून निघणारी ही नदी शहरातून, पाणचक्कीच्या शेजारून, पुढे वाळूजच्या औद्योगिक पट्ट्याजवळून वाहते. सतराव्या शतकात मलिक अंबरनं ज्या शहरासाठी जमिनीखालून नहर आणली, त्या शहरानं विसाव्या शतकात आपली नदी नाला करून टाकली. शहराला पिण्याचं पाणी कुठून येतं? नाथसागरातूनच. खामेत सोडलेलं धरणात जातं, धरणातलं पंपानं उलटं शहरात येतं. या फेऱ्याची किंमत जलशुद्धीकरणाच्या खर्चात दरवर्षी भरली जाते.

अलीकडे खामेसाठी काम सुरू झालं. महापालिका, छावणी परिषद, एक उद्योगसमूह आणि एक पर्यावरण संस्था एकत्र आले. काठावरचा कचरा काढला, झाडं लावली, काठ मोकळे केले. पण अशा कामात नजरेत भरतात ती झाडं आणि बाकडी. अवघड काम असतं ते नदीत उतरणारं एकेक तोंड शोधून मागे मागे जायचं. हे पावसाळी गटार कुठून येतं, त्यात कुठल्या वसाहतीनं मैल्याचा पाईप घुसवला, तो कोणी आणि कधी? फोटोत न येणारं हे काम न झाल्यास बाकड्यावर बसून माणसं नाक दाबतील.

तोंड शोधायची पद्धत मात्र फार सोपी आहे. अमेरिकी शहरांना नियमानं ती करावी लागते: पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले की पावसाळी गटारांची तोंडं जाऊन पाहायची. तरीही पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही. मग त्याचा वास, रंग, फेस, तवंग पाहायचा, गरज पडली तर नमुना प्रयोगशाळेत द्यायचा आणि चेंबरमागून चेंबर उघडत उगमापर्यंत पोचायचं. तिथल्या सततच्या पावसाच्या गावांत त्यासाठी कोरडे दिवस हेरावे लागतात. मराठवाड्याला ते हेरायची गरज नाही. निसर्गानं इथे डिसेंबर ते मे असा सहा महिन्यांचा कोरडा काळ देऊन ठेवला आहे. चैत्र-वैशाखात जी नाली वाहते, तिच्यातलं सगळं पाणी बिगरपावसाळी. एवढी स्वच्छ चाचणी सिअ‍ॅटलच्या अभियंत्याला स्वप्नातही मिळणार नाही.

ही बाब फक्त घाणीची नाही, पुराचीही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा हिशोबानं बांधलेली होती. त्या दिवशी कुठलंच गटार पुरलं नसतं, हे खरं. पण वर्षभर मैला, गाळ आणि प्लॅस्टिकनं भरलेल्या नाल्याला साधा पाऊसही पेलत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यानं आणि गोदाकाठानं अतिवृष्टीचा तडाखा खाल्ला. नदीच्या पुरापुढे गल्लीच्या नालीचं काही चालत नाही. मात्र गावात पडलेलं पाणी गावाबाहेर वेळेत निघतं की घरात शिरतं, हे नालीत आधीपासून किती गाळ साचलाय यावर ठरतं.

पावसाच्या गटारात घरचं पाणी सोडायची सवय ही आपलीच खोड आहे, असंही नाही. लंडनमध्ये १८१५ पर्यंत घरातली घाण गटारात सोडणं गुन्हा होता. गटारं पावसासाठी, मैला घराखालच्या खड्ड्यात आणि खड्डे उपसणारी माणसं वेगळी, अशी तिथली व्यवस्था. मग पाण्यानं धुवायचे संडास आले, खड्डे भरून वाहू लागले आणि जोडणी करायला आधी परवानगी मिळाली, पुढे शतकाच्या मध्याला सक्तीच झाली. सगळं थेम्स नदीत गेलं. १८५८ च्या उन्हाळ्यात संसदेत बसवेना इतका वास सुटला, तेव्हा कुठे मोठ्या गटारांसाठी पैसा मंजूर झाला. आपल्या गावांनी याच वाटेवरचं पहिलं वळण घेतलं आहे. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात घरोघरी संडास झाले, ते चांगलंच झालं. सरकार सांगत होतं, दोन शोषखड्डे करा, एक भरला की दुसरा वापरा, पहिल्याचं वर्षा-दोन वर्षांत खत होईल. लोकांनी बांधली ती मोठी टाकी. ‘आपल्या हयातीत भरायची नाही’ अशी खोल. आणि तिचा वरचा पाईप दिला नालीत.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी शुद्ध असतं असा एक समज आहे. तसं नसतं. टाकीत गाळ खाली बसतो, वरचं पाणी निवळतं, पण रोगजंतू त्यात असतातच. ते पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवं, विहिरी-बोअरपासून पुरेशा अंतरावर. आणि टाकी दर काही वर्षांनी यंत्रानं उपसायला हवी. हातानं उपसायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. टाकी कधीच उपसली नाही तर गाळ वर येतो आणि मैलाच नालीत जातो. यावर साताऱ्याच्या वाई नगरपरिषदेनं २०१८ पासून एक मार्ग काढला: टाकी भरायची वाट न बघता पाळी लावून दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी उपसायची, खर्च करातून करायचा, गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. कृष्णेकाठच्या वाईला जे जमलं ते गेवराईला, आणि आसपासच्या गावांनी मिळून एक गाडी ठेवली तर तलवाड्यालाही, अशक्य नाही.

राहिलं न्हाणीचं आणि भांड्याचं पाणी, नालीतल्या पाण्याचा मोठा वाटा. त्याचं उत्तर मराठवाड्यातच सापडलं आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं नाल्या बांधायचा नाद सोडला आणि घरोघरी शोषखड्डे घेतले. साधारण चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. घरचं सांडपाणी टाकीत, गाळ तळाशी, पाणी भोकांतून जमिनीत. गल्लीत उघडं पाणी नाही म्हणून डास नाहीत. टेंभुर्णीचं पाहून नांदेड जिल्ह्यात हा प्रकार पसरला, पुढे रोजगार हमीतून राज्यभर गेला. लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात, पण त्यात जादू काही नाही. पाणी आपल्याच अंगणात जिरवायचं, एवढंच.

गोदाकाठच्या काळ्या मातीत हे तसंच्या तसं चालेल का? काळी माती पाणी धरून ठेवते, लवकर जिरू देत नाही. पावसाळ्यात तर फुगून गच्च होते. तिथे खड्डा मुरुमापर्यंत नेल्याशिवाय उपयोग नाही. मुरूम फार खोल असेल तर परसबाग बरी. केळीची, अळूची चार आळी रोजचं बरंच पाणी पितात. आणि एक पथ्य कडक पाळावं लागतं: शोषखड्ड्यात न्हाणीचं पाणी जाईल, फवारणीच्या पंपाचं नाही.

फवारणीचा मुद्दा अमेरिकी यादीत आला नसता, इथल्या यादीत तो पहिला हवा. हा कापसाचा मुलूख. फवारणी झाली की पंप धुवायचा, डबा विसळायचा, तो कुठे? जिथे पाणी असेल तिथे: हापशाखाली, ओढ्यात, नालीच्या काठाला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा त्या औषधांची ताकद सगळ्यांना कळली. त्याच औषधाचं विसळलेलं पाणी ओढ्यात सोडताना मात्र हात कचरत नाही. ते त्याच शेतात, त्याच पिकावर पुन्हा फवारून संपवायचं, हा एकच नीट मार्ग आहे.

गावाची अशी यादी करायला बसलं तर ती फार लांब होणार नाही. पत्र्यावरचं आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी खुशाल नालीत जावं, खरं तर विहीर-बोअरच्या भरणीला गेलं तर अधिक चांगलं. टाकी भरून ओसंडलेलं पाणी चालेल, पण ते रोज ओसंडत असेल तर दोष नालीचा नाही, कॉक न फिरवणाऱ्याचा आहे. ट्रॅक्टर घरी धुतला तर एक वेळ चालेल. सर्व्हिसिंगचं जळकं ऑईल अजिबात नाही. वडापावच्या गाड्यावरचं तेल नाही, खाटकाच्या दुकानाचं पाणी नाही, दवाखान्याचं तर मुळीच नाही, त्याला २०१६ चे वेगळे नियम आहेत. जारचं पाणी विकणाऱ्या फिल्टर प्लांटमधून निघणारं खारट पाणी नाकाला स्वच्छ वाटतं, पण जमिनीतले क्षार त्यात गोळा झालेले असतात. ते नालीवाटे खालच्या शेतकऱ्याच्या रानात सोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देऊन झाल्यावर ब्रश आणि डबे कुठे धुतले जातात, हे प्रत्येकाला आठवत असेलच. तेही नाही.

ही यादी नवी वाटली तरी पाणी पाण्यापासून वेगळं ठेवायची अक्कल या जिल्ह्याला जुनी आहे. बीडची खजाना विहीर निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, जहागीरदार सलाबतखानानं बांधवली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तिथून दुसऱ्या बोगद्यानं, कुठलंही यंत्र न लावता, निव्वळ उतारानं रानात जातं. भूगर्भातलं स्वच्छ पाणी उघड्यावर घाण होऊ न देता शेतापर्यंत न्यायचं, हे तेव्हाच्या गवंड्यांना जमलं होतं. त्याच बीड शहरातून वाहणाऱ्या बिंदुसरेचं नाव आता प्रदूषित नद्यांच्या यादीत आहे.

पैशाचं काय? पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. त्यातून गावोगाव काय झालं? बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या नाल्या. ठेकेदाराला नाली परवडते: सरळ रेघ, मोजमाप सोपं, बिल लवकर. दोनशे घरांत दोनशे खड्डे खणणं कोणालाच परवडत नाही. नाली बांधल्यानं सांडपाण्याचा प्रश्न सुटत नाही, तो शेजारच्या गावाकडे ढकलला जातो. जलजीवन मिशनमधून माणशी ५५ लिटर पाणी नळानं घरात आलं की त्यातलं बरंचसं पुन्हा बाहेर पडणार. नळ आधी आणि निचरा नंतर, हा क्रम देशभर झाला आहे. आता त्या पाण्याला घरीच जागा केली नाही, तर चैत्रातली नाली आणखी जोरात वाहील.

एक काम तर बिनखर्चाचं आहे. १ मेच्या ग्रामसभेआधी, भर उन्हाळ्यात, ग्रामसेवक, आशाताई आणि शाळेतली चार पोरं यांनी सकाळी गावच्या सगळ्या नाल्यांच्या कडेनं चालत जावं. कुठल्या घराचा पाईप वाहतोय, पाणी फेसाळ आहे, हिरवट आहे की काळं, एवढंच वहीत लिहावं. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी, नावं न घेता, गल्लीनिहाय. काळ्या पाण्याचे पाईप आधी बंद करायचे, त्यांना शोषखड्डा द्यायचा, मग फेसाचे. मृगाचा पहिला पाऊस येईपर्यंत निदान काळे पाईप तरी बंद झालेले असावेत, एवढा ठराव तलवाड्यानं यंदा करून पाहावा.